अहिल्या : नांगर न लागलेलं नाव

गेल्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर तीन दिवस एकच विषय चालला होता. ताईला मुलगी झाली होती, बारशाला आठवडा उरला होता. मायरा, कियारा, आद्या, इरा अशी नावं येत होती आणि त्यावर अंगठे पडत होते. मग ताईने एका ओळीत लिहिलं, 'मला अहिल्या ठेवायचंय.'

ग्रुप दहा मिनिटं गप्प. मग आत्याचा मेसेज आला, 'छान आहे गं, पण ती शिळा झालेली बाई ना? लेकीला असलं नाव कशाला?' त्यावर मामांनी लिहिलं, 'अहो, अहिल्याबाई होळकर! पुण्यश्लोक!' आणि एका मावसभावाने बाळांच्या नावांच्या ॲपचा स्क्रीनशॉट टाकला. अहिल्या : सुंदर, पवित्र. रास मेष.

तिघांचंही बरोबर होतं. गंमत म्हणजे तिघं तीन वेगळ्या बायकांबद्दल बोलत होते. एक शापित, एक राज्यकर्ती आणि एक नुसतीच सुंदर. एवढी भांडणं पोटात घेऊन फिरणारी नावं मराठीत फार नाहीत. ताईला हे नाव का हवं होतं ते शेवटी सांगते. आधी नावाकडे जाऊ.

'सुंदर' हा अर्थ कुठून आला?

मूळ संस्कृत शब्द अहल्या. 'हल' म्हणजे नांगर. 'हल्य' म्हणजे नांगरण्याजोगं. अहल्या म्हणजे जिला नांगर लागलेला नाही ती. मराठीत आपण मध्ये इकार घातला, 'अहिल्या' केलं, आणि त्या इकारात नांगर पुसला गेला. आज हे नाव उच्चारताना कुणाच्या डोळ्यांपुढे शेत येत नाही.

मग ॲपवरचा 'सुंदर' कुठला? तोही हवेतला नाही. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात ब्रह्मदेव स्वतःच या नावाची फोड करून सांगतो. तिथे 'हल' म्हणजे कुरूपता, आणि जिच्यात कुरूपतेचा अंशही नाही ती अहल्या. पण ही फोड ज्या गोष्टीत येते ती गोष्ट पाहा. सगळ्या प्राण्यांमधलं जे जे उत्तम ते घेऊन ब्रह्मदेव एक स्त्री घडवतो. तिला गौतम ऋषींकडे ठेव म्हणून ठेवतो. बरीच वर्षं गेल्यावर गौतम ती ठेव जशीच्या तशी परत करतात. त्यांच्या संयमावर खूश होऊन ब्रह्मदेव तीच स्त्री त्यांना बायको म्हणून देऊन टाकतो. इंद्राला वाटत असतं की ती आपलीच. म्हणून तो चिडतो आणि तिच्यावर जबरदस्ती करतो.

घडवली, ठेवली, परत केली, बक्षीस दिली, लुबाडली. या सगळ्या क्रियापदांमध्ये तिचं स्वतःचं एकही नाही. 'सुंदर' हा अर्थ नेमका याच गोष्टीत जन्माला येतो, जिथे ती वस्तू आहे. ॲपवर तो 'पवित्र'च्या शेजारी निरागसपणे बसलेला दिसतो, पण तो तितका निरागस नाही.

जिला कळलं होतं ती

आता त्याच रामायणाच्या बालकांडात या. विश्वामित्र राम-लक्ष्मणांना घेऊन मिथिलेला निघालेत. वाटेत एक ओसाड आश्रम लागतो आणि विश्वामित्र त्याची गोष्ट सांगतात. गौतम बाहेर गेलेले असताना इंद्र त्यांचं रूप घेऊन आला. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पुढचं वाक्य असं ऐकलंय : बिचारी अहिल्या फसली. बालकांडात तसं नाही. तिथे ती मुनीच्या वेषातल्या इंद्राला ओळखते. ओळखून होकार देते. का, तर देवांच्या राजाविषयी तिला कुतूहल वाटलं म्हणून. कुतूहल हा शब्दच तिथे आहे. नंतर ती त्याला सांगते की आता लवकर निघ, स्वतःला आणि मला सांभाळ.

एकाच ग्रंथात दोन अहल्या आहेत. एकीला कळलेलं होतं, दुसरीला नव्हतं. पुढच्या काळात आपण कुठली निवडली? पुराणं असोत, कीर्तनं असोत, टीव्हीवरच्या मालिका असोत, पारडं सहसा न कळलेलीकडेच झुकलं. कारण सोपं आहे. फसलेल्या बाईवर दया करता येते. जिने समजून उमजून काही केलं तिच्यावर दया कशी करायची हे आपल्याला येत नाही. तिला माफ करायचं तर आधी तिला अजाण ठरवावं लागतं.

इथे आजच्या वाचकाने एक चूक टाळावी असं मला वाटतं. बालकांडातल्या अहल्येला आजच्या भाषेत 'बोल्ड' वगैरे म्हणून टाळ्या वाजवायचा मोह होतो. पण होकार दिला म्हणून तिची शिक्षा कमी होत नाही. उत्तरकांडातली अहल्या 'मला कळलं नाही' म्हणून सांगते, शिक्षा तिलाही होते. म्हणजे कळलं होतं की नव्हतं, हा प्रश्न तिला शिक्षा करताना महत्त्वाचाच नसतो. तो महत्त्वाचा होतो नंतर, आपण तिची गोष्ट सांगायला बसतो तेव्हा.

शिळा कधी झाली?

आत्याच्या आक्षेपाकडे येऊ. अहल्या शिळा झाली, रामाचा पाय लागला आणि तिचा उद्धार झाला, हे आपल्याला इतकं पाठ आहे की ते मुळातच असणार असं वाटतं. वाल्मीकींच्या बालकांडात शिळा नाही. गौतमांचा शाप असा आहे की ती याच आश्रमात हजारो वर्षं राहील, वारा खाऊन, राखेत पडून, कुणालाही न दिसता. ती दगड होत नाही, अदृश्य होते.

आणि राम येतो तेव्हा? पाय लागतात, पण उलट बाजूने. राम आणि लक्ष्मण तिचे पाय धरतात. ती त्यांचं आदरातिथ्य करते आणि तपाने उजळलेली ती पुन्हा सगळ्यांना दिसू लागते. दोन तरुण मुलगे एका वयाने मोठ्या, तपस्वी बाईला नमस्कार करतात, एवढाच तो प्रसंग आहे.

कालिदासाच्या 'रघुवंशा'पर्यंत येता येता ती शिळा झालेली आहे आणि रामाच्या पायधुळीने तिला रूप परत मिळतं. तुळशीदासांच्या 'रामचरितमानसा'त हे इतकं पक्कं झालंय की पुढे नावाडी केवट रामाची थट्टा करतो. तुमच्या पायाच्या धुळीने दगडाची बाई होते, माझी तर लाकडाची नाव आहे, तिची बाई झाली तर मी पोट कशावर भरू? आपल्या संतांच्या अभंगांतही गजेंद्र, अजामेळ, गणिका यांच्या रांगेत अहिल्या उभी असते, उद्धार झालेल्यांच्या यादीतली.

भक्तीच्या दृष्टीने या बदलाची ताकद मला नाकारायची नाही. 'दगडालाही पाझर फुटतो' हा दिलासा ज्यांना कुणीच विचारत नव्हतं अशा लाखो माणसांना मिळाला. पण या सौद्यात अहल्येने काय गमावलं तेही मोजायला हवं. अदृश्य बाई तप करते, ती जिवंत असते, तिला आत काहीतरी चाललेलं असतं. दगडाला आत काही नसतं. नमस्कार घेणारे पाय गेले आणि पाय लागणारा दगड आला.

त्र्यंबकची नदी

मराठी मुलखात या नावाला तिसरंही रूप आहे, आणि ते दगडाच्या अगदी उलट आहे. गौतम ऋषी आणि त्र्यंबकेश्वर यांचं नातं सगळ्यांना माहीत आहे. गोदावरीला गौतमी म्हणतात ते त्यांच्याचमुळे. ब्रह्मपुराणातल्या गौतमी माहात्म्यात अहल्येला शाप मिळतो तो कोरडी नदी होण्याचा. पण तिथे ती गप्प बसत नाही. आपण फसवलो गेलो हे सांगते, साक्षीदार उभे करते. गौतमांना शाप सौम्य करावा लागतो आणि गौतमीला मिळाल्यावर ती मुक्त होते. या गोष्टीत तिला सोडवायला रामाची गरजच पडत नाही.

आजही त्र्यंबकला अहिल्या नावाची छोटी नदी आहे आणि गोदावरीशी तिचा जिथे संगम होतो त्या जागेला अहिल्या संगम म्हणतात. तिथे विधींसाठी रोज माणसं येतात. त्यातल्या किती जणांना वाटत असेल की आपण अशा एका बाईच्या काठावर उभे आहोत जिने स्वतःची बाजू स्वतः मांडली?

नावाचे वकील

नावाची फोड करणं हे नुसतं भाषेचं काम नसतं, कुणाची तरी वकिलीही असते. सातव्या शतकातले मीमांसक कुमारिल भट्ट यांच्यापुढे अडचण होती. ब्राह्मणग्रंथांपासून इंद्राला 'अहल्येचा जार' म्हटलेलं आहे. देवाने असं वागावं? त्यांनी तोड काढली : अहल्या म्हणजे दिवसा लय पावणारी, म्हणजे रात्र. इंद्र म्हणजे सूर्य. सूर्य उगवला की रात्र विरते, एवढंच. कुठला व्यभिचार आणि कुठली बाई! इंद्राची अब्रू वाचवण्यासाठी अहल्येचं माणूसपणच काढून घेतलं.

रवींद्रनाथ ठाकुरांनी नांगराचा अर्थ परत आणला. त्यांच्या मते अहल्या म्हणजे दगडासारखी झालेली, नांगर न चाललेली जमीन, आणि राम म्हणजे शेती पसरवणारा. सीता या शब्दाचा अर्थच नांगराने पडलेलं तास. न नांगरलेलीला जागं करून राम मिथिलेला जातो आणि तासाशी लग्न करतो. हे वाचलं तेव्हा मी थक्क झाले होते, कारण बालकांडात दोन्ही प्रसंग खरोखरच एकामागोमाग येतात. मिथिलेत जनकाचा पुरोहित शतानंद भेटतो, तो तर अहल्येचाच मुलगा.

पण थक्क होणं ओसरल्यावर एक गोष्ट टोचते. बाई म्हणजे जमीन, हे समीकरण इथेही तसंच राहतं. मनुस्मृतीत स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटलंय, त्याच्याच शेजारची ही कल्पना. न नांगरलेली जमीन म्हणजे कुणीतरी नांगरायची वाट बघणारी जमीन, असं आपण गृहीत धरतो.

गावाकडे मात्र यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. एक पडीक, म्हणजे निकामी पडलेली. दुसरा पड टाकलेली, म्हणजे पुन्हा जोम धरावा म्हणून मुद्दाम मोकळी सोडलेली. आणि तिसरं आहे माळरान, ज्याला नांगर लागावा अशी अपेक्षाच नसते. ते गवताचं असतं, मेंढरांचं असतं. आता आठवा, ज्या अहिल्याबाईंचं नाव मामांनी घेतलं त्या धनगर घरातल्या. मेंढपाळाला विचारा न नांगरलेली जमीन म्हणजे काय. तो 'ओसाड' म्हणणार नाही, 'चराई' म्हणेल. शब्द तोच, पण कुणाच्या डोळ्यांनी पाहता त्यावर अर्थ बदलतो.

पुन्हा लिहिणारे

विसाव्या शतकापासून अनेकांनी ही गोष्ट नव्याने लिहिली. त्यातल्या तीन गोष्टी तुम्ही वाचाव्यात, ऐकाव्यात, पाहाव्यात.

पहिली आपल्या घरातलीच. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून सादर झालेल्या 'गीतरामायणा'त गदिमांनी अहल्येला स्वतःच्या तोंडून बोलायला लावलं. गाणं कृतज्ञतेचंच आहे, शिळाही तिथे आहे. पण शापातून सुटलेली बाई स्वतः 'मी' म्हणून गाते, ही गोष्ट रेडिओभोवती जमलेल्या मराठी घरांसाठी लहान नव्हती.

दुसरी तमिळमधली. पुदुमैपित्तन यांची 1943 मधली 'शापविमोचनम्' ही कथा. हिच्यात उद्धार झाल्यानंतरची अहल्या आहे. सुटका झाली, पण लोकांच्या नजरा सुटत नाहीत. पुढे वनवासाहून परतलेली सीता तिला भेटते आणि अग्निपरीक्षेबद्दल सांगते. ज्या रामाने आपल्याला निर्दोष मानलं त्यानेच हिच्याकडून पुरावा मागितला, हे अहल्येला सोसत नाही. ती पुन्हा दगड होते. माझ्या मते अहल्येवर लिहिलेलं सगळ्यात कठोर आणि सगळ्यात प्रामाणिक लिखाण हेच. पुदुमैपित्तन शिळेचा अर्थच फिरवतात. शिळा आता शिक्षा राहत नाही, या जगाशी बोलणं तोडण्याची तिची एकमेव जागा होते.

तिसरी तुमच्या फोनवर आहे. सुजॉय घोष यांची 2015 मधली 'अहल्या' ही चौदा मिनिटांची बंगाली शॉर्ट फिल्म. राधिका आपटे, सौमित्र चटर्जी. म्हातारा कलाकार गौतम, त्याची तरुण बायको आणि चौकशीला आलेला पोलीस अधिकारी इंद्र. इथे दगड होतो तो पुरुष. फिल्म चटकदार आहे, शेवटी आपण मनातल्या मनात शिट्टी वाजवतो. पण दुसऱ्यांदा पाहताना मला ती कमी आवडली. शिक्षा इंद्राला झाली खरी, पण त्यासाठी अहल्या आमिष झाली, तीही नवऱ्याच्या खेळातलं. तिला काय हवंय हे चौदा मिनिटांत कुणी विचारत नाही. बदला घेतला म्हणजे न्याय झाला असं नाही, हे या फिल्मकडून मी शिकले, तिच्या मनात नसताना.

आणि होळकर

आता मामांचा मुद्दा. 1725 मध्ये चौंडीला एका मुलीचं नाव अहिल्या ठेवलं गेलं. ज्यांनी ठेवलं त्यांच्या मनात शाप नसणार. सकाळी उठून ज्या पाच स्त्रियांचं स्मरण करायचं त्या पंचकन्यांमध्ये पहिलं नाव अहल्येचं आहे. परंपरेने जिला शिक्षा दिली तिलाच रोज पहाटे आठवायलाही सांगितलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव गेला, सासरे मल्हाररावांनी सती जाऊ दिलं नाही. 1767 पासून 1795 पर्यंत महेश्वरहून राज्य केलं. घाट, विहिरी, काशी विश्वनाथाचं देऊळ, महेश्वरचे विणकर. माळव्यातल्या लोकांच्या तोंडून तिची कीर्ती ऐकून जॉन माल्कमने 1823 च्या आपल्या ग्रंथात ती नोंदवली. म्हणजे या बाईने एक नाव घेतलं आणि त्याचा अर्थच बदलून टाकला. आज मराठी माणसाला अहिल्या म्हटलं की आधी ती आठवते, आश्रमातली नंतर. शब्दकोशाला जे जमलं नाही ते तिच्या अठ्ठावीस वर्षांच्या कारभाराने केलं.

मग हे नाव पसरलं. इंदूरचं विद्यापीठ, विमानतळ, 2019 मध्ये सोलापूरचं विद्यापीठ, 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. नामांतराबद्दल तुमचं मत काहीही असो, एका बाईचं नाव जिल्ह्याला लागलं. आणि मधल्या काळात हेच नाव घेऊन अहिल्या रांगणेकर मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या, संयुक्त महाराष्ट्रासाठी, मग महागाईविरुद्ध मृणाल गोरेंच्या बरोबर लाटणी घेतलेल्या बायकांना घेऊन. 1977 मध्ये लोकसभेत गेल्या. हे नाव फक्त देवळात राहिलं नाही.

तरी एक धास्ती वाटते. होळकरांच्या अहिल्याबाईंना आपण 'देवी', 'मातोश्री', 'पुण्यश्लोक' अशी इतकी विशेषणं लावली की हिशेब तपासणारी, पत्रं लिहिणारी, माणसं पारखणारी बाई मागे पडली. चौकाचौकात हातात पिंड घेतलेला पुतळा उरला. विनया खडपेकरांनी आपल्या चरित्राला 'ज्ञात-अज्ञात अहिल्याबाई होळकर' असं नाव दिलंय, त्यातला 'अज्ञात' शब्द मला फार योग्य वाटतो. वंदन करूनही माणसाला दगड करता येतं.

ताईचं कारण

आमच्या आजीचं माहेरचं नाव अहिल्या होतं. हे आम्हाला ती गेल्यावर कळलं. घरात ती सुमन होती. लग्नात ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने आजोबांनी ते नाव लिहिलं होतं. रेशनकार्ड, मतदार यादी, बँकेचं पासबुक, सगळीकडे सुमनच.

कागद आवरताना ताईला एक जुना दस्त सापडला. हक्कसोडपत्र. पणजोबांच्या जमिनीतला आपला हिस्सा आजीने भावांना सोडल्याचं. त्यावर 'अहिल्या' असं लिहिलेलं होतं, 'लग्नानंतरचे नाव सुमन' अशी पुढे जोड, आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. आजीला सही येत होती. तरी ठसा का, ते आता कोण सांगणार. लग्नानंतरच्या पन्नास-साठ वर्षांच्या कागदांमध्ये तिचं जन्माचं नाव फक्त एकदा आलं होतं, जमीन सोडायची होती तेव्हा.

आत्याला हे माहीत नव्हतं. तिच्या आईचं नाव होतं ते. ताईने त्या कागदाचा फोटो ग्रुपवर टाकला, काही न लिहिता. बऱ्याच वेळाने आत्याचं उत्तर आलं, 'आईने कधी सांगितलं नाही गं.' त्यानंतर नावाबद्दल कुणी काही बोललं नाही.

आता नावाच्या अर्थाबद्दल मला एवढंच म्हणायचंय. अर्थ धातूत सापडतो हे खरं, पण तिथे तो संपत नाही. कुणी फोड करतं, कुणी शाप देतं, कुणी देवी करतं, कुणी तांदळात पुसून टाकतं. आणि कधीतरी कुणीतरी ते नाव घेऊन अठ्ठावीस वर्षं कारभार करतं. ॲपला यातलं काही माहीत नसतं. म्हणून मुलीचं नाव ठेवताना अर्थ जरूर पाहा, पण तो अर्थ कुणी, कुणाच्या सोयीने लावला हेही विचारा. आणि नाव ठेवल्यावर ते तिच्याकडून कुणी काढून घेणार नाही एवढं बघा.

बारसं झालं. आत्यानेच बाळाच्या कानात नाव सांगितलं. नव्या नियमाप्रमाणे आता नावापुढे आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लागतं. फॉर्म भरताना ताईने अहिल्या लिहिलं, त्यापुढे स्वतःचं नाव लिहिलं, आणि शुद्धलेखन दोनदा तपासलं.